वरची गाडी थोरल्याची

१८ नोव्हेंबर, सोमवार

तोंड फिरवून गेला. आज तर अगदी हातभर अंतरावरून.

औषधाच्या दुकानातून मी बाहेर पडलो आणि समोरून जगन्नाथ. देवळाच्या कंपाउंडवर हात ठेवत ठेवत, सावकाश, जणू भिंत त्याच्या बापाची. (बाप आमचा एकच, ते सोडा.) आणि मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत जे केलं नाही ते केलं. हात वर केला. पुरता नाही, खांद्यापर्यंत. जगन्नाथने सरळ माझ्याकडे पाहिलं. म्हणजे विजेच्या खांबावरून नजर नेतात तशी माझ्या तोंडावरून नेली. आणि गेला.

माझा हात तिथेच. दुकानदार बघत होता. मग मी उगाच डोकं खाजवलं.

सख्खा धाकटा भाऊ! ज्याला मी बाराखडी शिकवली.

घरी येऊन हिला, मीराला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही दिसला नसाल त्यांना." वा. मी काय सुई आहे?

ठरलं. फेब्रुवारीत उन्नतीचं लग्न आहे. नात माझी या घरातून निघेल ती आमच्या गाडीतून निघेल. आणि गाडी जाईल ती जगन्नाथच्या दारावरून, हळूहळू. त्याने ओट्यावर उभं राहून बघावं. बाकी मला या जन्मात काही नको.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नाही. राग लिहून काढला तर कमी होतो असं म्हणतात. बघू.

अप्पांची फोर्ड प्रिफेक्ट. उमेळ्यात तेव्हा बैलगाड्या आणि सायकली होत्या, आणि एक आमची गाडी. काळी, उंच, समोरून बघितलं तर चष्मा लावलेल्या हेडमास्तरांसारखी. पहाटे मागच्या सीटवर मोगऱ्याच्या आणि सोनचाफ्याच्या करंड्या, पुढे आम्ही दोघे भाऊ. स्टेशनवर फुलं उतरवायची आणि तसंच शाळेत. गाडी जगन्नाथ चालवायचा. मिसरूड फुटलं नव्हतं, लायसनचा पत्ता नव्हता, पण हात असा की रस्ताच आपण होऊन गाडीखाली यावा. मला कधी जमलं नाही. क्लच सोडला की गाडी उडी मारायची. म्हणून मी बाजूला बसायचो, मांडीवर वाचनमाला, आणि मोठ्याने कविता म्हणायचो. ओळीत जिथे श्वास घ्यायचा, म्हणजे यती, तिथे हा बरोबर क्लच दाबायचा. त्याला यती म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. आजही नसेल. पण चुकला कधी नाही.

मग अप्पा गेले. मग वाटणी. विहीर अर्धी-अर्धी, चिकू मला, केळी त्याला, जुनं घर मला, नवं त्याला. राहिली गाडी. पंच म्हणाले विका आणि पैसे वाटून घ्या. तर आमची आई, आनंदीबाई, पदर खोचून मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वरची गाडी थोरल्याला, खालची धाकट्याला." पंच हसले. तिने खरंच करून घेतलं. वरचा पत्रा, दारं, सीटा माझ्या. खालची चासी, चाकं, इंजिन त्याचं.

गाडी अशी वाटतात का कुठे? आमच्याकडे वाटली.

मला वाटलं होतं, जगन्नाथ आईला समजावेल. त्याने काय केलं? महिन्याभरात इंजिन विहिरीवर नेऊन पंपाला जोडलं. चासीला फळ्या ठोकून केळीचे घड वाहायची ढकलगाडी केली. ज्या सांगाड्यावरून आम्ही शाळेत गेलो त्याच्यावर केळी! त्या दिवसापासून बोललो नाही. त्याचं नावही या घरात काढायचं नाही असं मी सांगून ठेवलंय, आणि ते पाळलं जातं.

वरची गाडी मी गोठ्यात विटांवर ठेवली. दर दसऱ्याला झेंडूची माळ घालतो. चाकं नसलेल्या गाडीला.

राग कमी झालेला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

मेलरॉयला बोलावलं होतं. गोखिवऱ्याला त्याचा वेल्डिंगचा गाळा आहे, गेट-ग्रील करतो, पण जीव गाड्यांत. चर्चमधली मिस्सा आटोपून आला, इस्त्रीच्या शर्टातच गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा शर्टावर कोळ्याची जाळी.

"काका, वरचा पत्रा मस्त आहे. आता असा पत्रा मिळत नाय. पण खाली काय? खाली तर विटा."

म्हटलं, खाली काय ते तू सांग.

तो म्हणाला, जिप्सी. आताच्या गाड्यांना चासी वेगळी नसते, वरचं-खालचं एकच डबडं. पण जिप्सीला अजून खाली वेगळी चासी असते, लोखंडी शिडीसारखी. वरचं काढून टाकायचं आणि आपली गाडी तिच्यावर बसवायची. मापही जवळपास तेच, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत चार सुतांचा फरक. अर्धा इंच.

"चार सूत म्हणजे काय, काका, हाताचा खेळ."

परेशने नेमकं हे ऐकलं. आमचे चिरंजीव महापालिकेत आहेत, प्रत्येक गोष्टीतला नियम त्यांना आधी आठवतो. "बाबा, याला पासिंग मिळणार नाही. गाडीची ओळख चासी नंबरवर असते. वर काहीही ठेवा, कागदावर ती जिप्सीच."

कागदावर! म्हटलं, मला कागदावर चालवायची नाहीये. वाडीच्या फाटकापासून हॉलपर्यंत, गावातल्या गावात.

"आणि चालवणार कोण?"

"मेलरॉय."

"मग तुम्ही काय करणार?"

"बसणार."

मेलरॉय हसला. परेश नाही हसला.

३ डिसेंबर, मंगळवार

जिप्सी शनिवारीच आली. टेम्पोतून, दोरखंडाने बांधलेली, कत्तलखान्यात नेतात तशी. वरचा पत्रा सगळा सडलेला, आत गवत उगवलेलं. मेलरॉयने दोन दिवसांत वरचं सगळं उतरवून भंगारात दिलं. उरली ती चासी. धुतली, घासली, लाल रंग मारला. इंजिनला चावी दिली तर पहिल्या फटक्यात चालू! मीराला बोलावून दाखवलं. ती हात पुसत आली, बघितलं, म्हणाली, "लग्न नातीचं आहे की गाडीचं? मंडपवाल्याचा फोन आलाय दोनदा."

कविता म्हणजे काय हे या घरात एकालाही कळत नाही.

८ डिसेंबर, रविवार

आज वरची गाडी उचलली. गोठ्यातून चिंचेखाली विटांवर आणून ठेवलीच होती, चिंचेच्या फांदीला चेनकप्पी लावली. मेलरॉय साखळी ओढत होता, एक वीत, दोन वीत, आणि आमची काळी हेडमास्तरीण विटांवरून उठली. जमिनीपासून कमरेइतकी वर, चिंचेखाली झुलत होती. खालून आरपार दिसत होतं. मी बाजूला उभा राहून नुसता बघत होतो. गाडी नव्हे, एखादी ओळच टांगली होती कुणी. खाली अजून वृत्त यायचं होतं.

मग जिप्सीची चासी खाली ढकलली आणि गाडी उतरवली.

काही बसेना. काहीसुद्धा. जिप्सीची चाकं बाहेर आली, मडगार्डच्या बाहेर, दोन्हीकडून, फेंगड्या माणसासारखी. पुढे रेडिएटर उंच, बॉनेट लागेना. स्टिअरिंगचा दांडा डॅशबोर्डच्या मधोमध. गिअरबॉक्सचं कुबड खालून जमिनीला लागून, म्हणजे गाडीच्या जमिनीला. मेलरॉय म्हणाला, "होईल." मी म्हटलं, "हे होईल?" तो म्हणाला, "काका, पहिल्या दिवशी नवराबायकोचं पण असंच असतं."

परेश वरून, गॅलरीतून बघत होता. त्याचं ते न बोलणं मला सहन होत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

मडगार्ड रुंद करायचं ठरलं. पत्रा कापताना माझ्याच दाढेतून कळ गेली.

१५ डिसेंबर, रविवार

भांडण.

मेलरॉयचं म्हणणं, गाडी चासीवर बसते ती भोकांवर. बोल्टाची भोकं. आमच्या पत्र्यातली भोकं गंजून एकेक बशीएवढी झालीत, खरी जागा कुठे होती ते कळत नाही. जागा चुकली की दारं लागणार नाहीत. "जुन्या चासीवरची भोकं तशीच असणार, काका. जगूकाकांकडे जातो, माप घेऊन येतो. दहा मिनिटांचं काम."

म्हटलं, नाही.

"तुम्ही येऊ नका ना. मी जातो."

म्हटलं, त्याच्या दारात माझ्या गाडीसाठी कोणी जायचं नाही. त्याला कळलं तर? त्याला ती एकदम दारावरून जाताना दिसली पाहिजे. आधी कळून काय उपयोग.

"मग माप आणायचं कुठून?"

म्हटलं, माझ्या डोक्यात आहे. त्या गाडीत मी जेवढा बसलोय तेवढा आईच्या मांडीवर बसलो नसेन.

मेलरॉय माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. सांगा."

१७ डिसेंबर, मंगळवार

बाजूच्या सीटवर बसलो. डोळे मिटले. माझा गुडघा आणि डॅशबोर्ड यांच्यात वाचनमाला उभी राहायची, हे मला पक्कं आठवतं. पुस्तकाचा वरचा कोपरा डॅशबोर्डला टेकायचा. म्हटलं, मेलरॉय, इथे. खूण कर. तो खूण करत गेला, मी सांगत गेलो. डाव्या हाताला दार एवढं, पायाखाली तिरकी पट्टी एवढी. सगळं डोळ्यांसमोर होतं, पहाटेचं धुकं, करंड्यांतला वास, जगन्नाथचा गिअरवरचा हात.

संध्याकाळी चार बोल्ट आवळले. मी डावं दार लावलं. लागलं नाही. उजवं. तेही नाही. दाराचं तोंड चौकटीच्या खाली लटकत होतं, दातांची कवळी नीट न बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. तशा एका म्हाताऱ्याला मी रोज आरशात बघतो.

म्हटलं, हे कसं शक्य आहे? गुडघा मला स्पष्ट आठवतोय.

मेलरॉय शांतपणे म्हणाला, "काका, तुमचा गुडघा तेव्हा शाळेत होता."

पाना फेकला. त्याला नाही, भिंतीला. तरी मीरा बाहेर आली आणि मलाच बोलली.

२१ डिसेंबर, शनिवार

मला न विचारता गेला! मेलरॉय जगन्नाथकडे जाऊन आला. हातात मोठा पुठ्ठा, त्यावर सगळी भोकं पेनाने गिरवलेली. आणि वर मलाच कौतुकाने सांगतोय.

"जगूकाका स्वतः वाकले, काका. ढकलगाडीवरची केळीची वाळकी पात बाजूला केली. एकेका भोकात बोट घालून मला सांगत होते, हे पुढचं डावं, हे मधलं, याला वायसर जास्त घाल, नाहीतर खडखडतं. एक पण चुकलं नाय."

बोट घालून! म्हणजे मालकी दाखवायची. बघ, माझ्या अंगणात आहे, माझ्या बोटाखाली आहे. मी ओळखतो त्याला.

म्हटलं, माझ्याबद्दल काही बोलला?

"विचारलं ना. म्हणाले, दादा अजून कविता म्हणतो का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आता शिव्या देतात. पण चालीत."

"हसला?"

"खूप हसले."

मेलरॉयला हाकलून दिलं. पुठ्ठाही घेऊन जा म्हटलं. तो पुठ्ठा चिंचेला टेकवून गेला.

२२ डिसेंबर, रविवार

पुठ्ठा रात्रभर दवात राहिला असता. आत आणून ठेवला. तेवढंच.

२६ डिसेंबर, गुरुवार

मेलरॉय आला. मी बोलावलं नव्हतं. घरून नाताळचा केक आणि करंज्या आणल्या होत्या, एलिसाने, म्हणजे त्याच्या बायकोने दिलेल्या. मीराने चहा केला. कोणी पुठ्ठ्याबद्दल बोललं नाही. चहा झाल्यावर तो उठला, पुठ्ठा पत्र्यावर ठेवला आणि ड्रिल लावलं.

ती भोकं जगन्नाथच्या बोटाची आहेत, हे मला माहीत आहे. गाडीला माहीत नाही. गाडीला काय, भोक म्हणजे भोक.

२९ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस वाईट.

गिअरबॉक्सचं कुबड वर यायला जागा पाहिजे, म्हणून गाडीची जमीन कापली. पुढच्या दोन सीटांच्या मधली. ग्राइंडर लावला की ठिणग्यांचा फवारा. त्याच जमिनीवर माझ्या शाळेच्या चपला असायच्या, त्याच्या अनवाणी टाचा असायच्या. तो चपला काढून चालवायचा, पायाला गाडी कळते म्हणायचा. कापलेला तुकडा परातीएवढा. मेलरॉयने विचारलं, "भंगारात टाकू?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने तो माझ्या हातात दिला.

आता ही गाडी पुन्हा कधीच आपल्या जुन्या सांगाड्यावर बसणार नाही. बसायची तरी कुठे होती? तरीसुद्धा.

एका वृत्तातले शब्द उचलून दुसऱ्यात बसवायचे म्हणजे काहीतरी छाटावंच लागतं. आमचे मास्तर म्हणायचे, छाटणाऱ्याचा हात थरथरला तर समजावं की त्याला कविता कळते. माझा हात थरथरत होता. पण कापत मेलरॉय होता.

५ जानेवारी, रविवार

दारं लागली.

डावं आधी. मी हळूच ढकललं, आणि ते जाऊन बसलं. तोच आवाज. खट् नव्हे, ढब्बही नव्हे. जाड पुस्तक मिटल्यासारखा. उजवं लावलं, तेही. मेलरॉयने छातीवर क्रूसाची खूण केली. उन्नती धावत आली, मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि म्हणाली, "आजोबा, मी शालू सावरायला दोन्हीकडून जागा आहे." लेकरू खूश. मी तिला सांगितलं नाही की मी तेव्हा फक्त एका फाटकाचा आणि एका ओट्याचा विचार करत होतो.

दुपारी पाटावर बसून दोन ओळी जुळवल्या. भुजंगप्रयात. रागाला हेच वृत्त बरं, फणा काढून चालतं.

निघे आज गाडी तुझ्या दारदेशी
बघावेस तू अन् जळावे मनाशी

'दारदेशी' ओढूनताणून आला आहे, कबूल. दुसरी ओळ मात्र ठीक आहे. दुसरी ओळ मनापासून आहे.

१२ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

जगन्नाथच्या घरी उन्नतीचं केळवण होतं. तिला जाऊ नको कसं म्हणणार? नवरीमुलीला चुलतआजीने जेवायला बोलावलं की जायचं असतं. मी गेलो नाही. दुपारी ती परत आली ती जगन्नाथला घेऊन! हाताला धरून, सावकाश, फाटकातून आत. म्हातारा नातीचा हात धरून असा येत होता, जणू मिरवणूक त्याचीच आहे.

मी गाडीपाशी उभा. मेलरॉय खाली आडवा.

जगन्नाथ म्हणाला, "दादा."

म्हटलं, "काय."

तो पुढे आला. गाडीच्या टपावर हात ठेवला. मग हात खाली, खिडकीच्या कडेवरून, दारावरून, मडगार्डवरून, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. आणि एकदाही, एकदासुद्धा त्याने मान खाली करून गाडीकडे पाहिलं नाही! चेहरा माझ्याकडे. म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. मी महिने घालवले. पत्र्याचा कण न् कण घासला. आणि हा तिच्याकडे बघत नाही.

"मडगार्ड रुंद केलंस," म्हणाला.

"चाकं बाहेर येत होती."

"चासी मागितली असतीस तर दिली असती की. अख्खी. चाकांसकट."

आता जमीन कापून झाल्यावर! म्हटलं, "तू कधी देतोस? तू तिच्यावर केळी वाहिलीस."

"मग काय करायचं होतं? वर काही नव्हतं. वरचं तू घेऊन बसला होतास."

"घेऊन बसलो नव्हतो. मला दिलं होतं. आईने तुला इंजिन दिलं आणि मला डबा. लाडका तू."

तो हसला. त्याचं ते हसणं, नाकातून. म्हणाला, "दादा, आईला मी त्याच दिवशी विचारलं होतं, असं काय वाटलंस म्हणून. ती म्हणाली, जगूला चालवायला आवडतं, दादाला बसायला. ज्याला जे आवडतं ते त्याला दिलं. आणि एकट्याला कुठे जाता येणार नाही, म्हणजे झालं."

मी म्हटलं, "हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तू कुठे बोलत होतास?"

"तू तरी कुठे आलास?"

"मी थोरला नाही. येणं तुझं होतं."

मेलरॉय गाडीखालून बाहेर येईना. पाय तेवढे दिसत होते, अगदी स्थिर.

मग मला आवरलं नाही. म्हटलं, "दारात आलास तर एकदा बघ तरी तिच्याकडे. डोळे वर करून. एवढाही मान नाही देणार?"

जगन्नाथने हात वर नेला. टपावर पंजा पसरून ठेवला. "पाहिली की," म्हणाला. आणि उन्नतीला म्हणाला, "चल बाळ."

उन्नती जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघून गेली की जणू मीच काहीतरी केलंय.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर आईवर रागावलो. फोटोवर. ज्याला जे आवडतं ते त्याला! अगं, मग तसं पंचांसमोर मोठ्याने बोलायचंस. सगळं मनात ठेवून पदर खोचून उभी राहिलीस, आणि आम्ही दोघं आपापला अर्धा घेऊन म्हातारे झालो.

फोटो पुसला. आधी पुसून मग रागवायला हवं होतं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. हिने जगन्नाथकडे तिळगूळ पाठवला. मला न विचारता. मीही विचारलं नाही, पोचला का म्हणून. पोचला असणार.

१९ जानेवारी, रविवार

रंग झाला. काळा, तोच, तीन हात. चिंचेच्या सावलीत उभी केली तर चिंचेचं पानन् पान तिच्यात दिसतं. मेलरॉयने वाडीतल्या वाडीत चक्कर मारली, मी बाजूला. चिकूच्या रांगेतून, विहिरीला वळसा घालून, परत. चाललो आम्ही. खाली तरणी जिप्सी, वर माझी म्हातारी. मी एक कविता म्हणायला सुरुवात केली, पहिली ओळ झाली, यती आला, आणि मेलरॉयने भलत्याच ठिकाणी गिअर बदलला. मी कविता तिथेच सोडली. त्याचा काय दोष.

मग रस्ता ठरवला. फाटक, तळं, मग जगन्नाथची गल्ली, मग हॉल. मेलरॉयला बजावून सांगितलं, त्याच्या ओट्यासमोर गाडी अगदी पायी चालीने न्यायची. उन्नतीची बाजू ओट्याकडे. काच खाली. त्याला नीट दिसलं पाहिजे. परवा त्याने बघितली नाही, पण त्या दिवशी बघावंच लागेल. अख्खं गाव बघत असताना एकटा कसा न बघता राहील?

मेलरॉय स्टिअरिंग पुसत राहिला. "हो काका," म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. उन्नती मागे बसली होती. ती उतरून आत निघून गेली. दार लावलं नाही.

या घरात सगळ्यांना झालंय काय?

२१ जानेवारी, मंगळवार

उन्नतीने सांगितलं. रडत सांगितलं. जगन्नाथला दिसत नाही. वर्ष झालं, काचबिंदू. आधी एक डोळा, मग दुसरा. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. सगळ्यांना माहीत होतं, हिलाही. त्यानेच शपथ घातली होती. "दादाला सांगू नका. त्याचा राग चालेल मला. कीव नको."

बराच वेळ गाडीत जाऊन बसलो. बाजूच्या सीटवर.

मग मेलरॉयला फोन केला. म्हटलं, सायलेन्सर काढून टाक. तो म्हणाला, काका, अख्ख्या गावात आवाज होईल. म्हटलं, गावाचं मला सांगू नकोस. एका ओट्यापर्यंत गेला पाहिजे.

"आणि मागे उन्नतीच्या बाजूला एक जागा ठेव," म्हटलं. "ओट्यासमोर थांबव. मी उतरतो त्याला आणायला."